धडक कोणाची, चूक कोणाची?

मित्रांनो, बास्केटबॉलचा सामना तुम्ही पाहिला असेलच; कदाचित शाळेच्या संघातून खेळतही असाल. मग पुढचा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. आक्रमक खेळाडू चेंडू टप टप आपटत वेगाने बास्केटकडे झेपावतो. बचावपटू त्याच्या वाटेत येऊन उभा राहतो. दोघांची धडक होते, दोघेही जमिनीवर आदळतात आणि पंचांची शिट्टी वाजते. एका क्षणात सारे मैदान दोन तटांत विभागले जाते. एक तट ओरडतो, ‘ब्लॉकिंग!’ दुसरा ओरडतो, ‘चार्जिंग!’

पंचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, तर तो ‘ब्लॉकिंग’चा फाउल. म्हणजे बचावपटूने वाट बेकायदा अडवली. त्यांनी मिटलेली मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मारली, तर तो ‘चार्जिंग’चा फाउल. म्हणजे आक्रमक दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला. धडक एकच, पण निकालात केवढे अंतर! चेंडू हातात असतानाच धडक झाली आणि मग तो बास्केटमध्ये गेला असे समजा. ब्लॉकिंग ठरले तर ते २ गुण मान्य होतात आणि वर १ फ्री थ्रो मिळतो. चार्जिंग ठरले तर बास्केट रद्द होते आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. म्हणजे एका शिट्टीवर ३ गुण आणि चेंडूचा ताबा इकडचे तिकडे होतात.

असा निर्णय विरुद्ध गेला, की आपण चटकन म्हणतो, ‘पंच आंधळे आहेत’ किंवा ‘पंच त्यांच्या बाजूचे आहेत.’ माझे मत वेगळे आहे. या निर्णयात बहुतेक वेळा पंचांची दानत अपुरी पडत नाही, अपुरा पडतो तो मानवी डोळा. आणि डोळा कोठे अपुरा पडतो हे एकदा समजले, की नियम कसा असावा, पंचाने काय पाहावे आणि आपण काय बोलावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात.

न्यूटनला विचारून उपयोग नाही

‘जो जोरात आदळला त्याची चूक’ असे पुष्कळांना वाटते. तपासून पाहू या. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. आक्रमक बचावपटूला जितक्या बलाने ढकलतो, नेमक्या तितक्याच बलाने बचावपटू आक्रमकाला उलट ढकलतो. एक धावत असो, दुसरा उभा असो. एक ७० किलोचा असो, दुसरा ४५ किलोचा असो. दोघांवरचे बल सारखेच. हलका खेळाडू जास्त दूर फेकला जातो, कारण त्याचे वस्तुमान कमी असते. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असे ठरत नाही.

कोण पडला, यावरूनही काही सिद्ध होत नाही. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभा असलेला खेळाडू मोठा धक्का सोसूनही उभा राहील. पाय जवळ ठेवून ताठ उभा असलेला लहानशा धक्क्यानेही कोसळेल. पडणे हा गुरुत्वमध्य आणि पायांखालचा आधार यांचा हिशेब आहे, न्यायाचा नव्हे. शिवाय काही खेळाडू पडण्याचे नाटकही करतात. या नाटकांना आळा घालण्यासाठी अमेरिकेतील व्यावसायिक साखळी एनबीए हिने २०२३–२४ च्या हंगामापासून सामन्यातच तांत्रिक फाउल देण्याची तरतूद केली.

तात्पर्य, भौतिकशास्त्र धडकेचे गणित सांगेल. दोषी कोण हे सांगणार नाही. दोष ठरतो तो नियमाने. माणसांनी एकत्र बसून ठरवलेले असते, की कोणत्या क्षणी कोणत्या जागेवर कोणाचा हक्क. म्हणून पंचांपुढचा खरा प्रश्न ‘कोण जोरात आदळला?’ हा नसतो. तो असतो, ‘ती जागा आधी कोणाची होती?’

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांत एक सुंदर कल्पना आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य दंडगोल उभा आहे असे माना. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत आणि बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्या दंडगोलात आणि त्याच्या सरळ वरच्या हवेत त्या खेळाडूचा हक्क. म्हणून बचावपटूने जागच्या जागी सरळ उंच उडी मारली, तर तो गुन्हा होत नाही.

बचावपटूला आपली जागा कायदेशीर करायची असेल, तर प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवावे लागतात. आता येथे एक मोठा गैरसमज आहे. ‘बचावपटू जरासुद्धा हलला की ब्लॉकिंग’ असे पुष्कळ प्रेक्षक समजतात. तसे मुळीच नाही. एकदा कायदेशीर जागा घेतली, की प्रतिस्पर्ध्यासमोर राहण्यासाठी तो बाजूला सरकू शकतो, मागेही सरकू शकतो. सरकत असताना छातीवर धडक बसली, तरी ते चार्जिंगच ठरते.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याच्या वाटेत ऐन वेळीसुद्धा येऊन उभे राहता येते. ‘मला थांबायला वेळच मिळाला नाही’ अशी तक्रार चेंडूवाल्याला करता येत नाही, कारण चेंडू घेऊन धावणाऱ्याने अडवणूक होणार हे गृहीतच धरायचे असते. मात्र तो एकदा हवेत उडाला, की चित्र पालटते. तो उडाल्यानंतर कोणीही त्याच्या वाटेत शिरायचे नाही.

म्हणजे सारा निकाल दोन घटनांच्या क्रमावर येऊन ठेपतो. बचावपटू आधी पोहोचला की आक्रमक आधी उडाला? आणि येथेच डोळ्याची परीक्षा सुरू होते.

डोळ्याची तीन बंधने

पहिले बंधन वेळेचे. धावणाऱ्या आक्रमकाचा वेग सेकंदाला ५ मीटर धरा. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तो २० सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे जवळजवळ एक पाऊलभर. आता दोन घटनांपैकी आधी कोणती घडली हे ओळखायला, प्रयोगशाळेत शांत बसलेल्या माणसालासुद्धा त्यांच्यामध्ये सेकंदाच्या दोन-चार शतांश भागांचे अंतर लागते. त्याहून कमी अंतर असेल, तर त्याचे उत्तर म्हणजे अंदाजच. मग धावत्या, घामाघूम पंचाकडून अधिक सूक्ष्म उत्तराची अपेक्षा कशी करावी?

दुसरे बंधन क्षेत्राचे. आपल्याला सारे दृश्य स्पष्ट दिसते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या लहानशा खळग्यानेच आपण बारकावे पाहतो. हात समोर ताणून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढाच, सुमारे २ अंशांचा, भाग खरा स्पष्ट असतो. ५ मीटर अंतरावर हा तुकडा जेमतेम १७ सेंटिमीटरांचा होतो. एवढ्यात बचावपटूचा पाय मावेल किंवा आक्रमकाचा बूट मावेल. दोन्ही एकदम, तितक्याच बारकाईने, पाहता येणार नाहीत.

तिसरे बंधन नजरेच्या उडीचे. दोन्ही गोष्टी पाहायच्या तर नजर एकीकडून दुसरीकडे उडवावी लागते. या उडीच्या काळात मेंदू दृश्याकडे जवळजवळ पडदाच ओढून घेतो. खोटे वाटते? आरशासमोर उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. आपले डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट दिसतील. पंचांचा तो महत्त्वाचा क्षण नेमका या पडद्यामागे गेला, तर दोष कोणाला द्यायचा?

जाता जाता आणखी एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरांची पट्टी उभी लोंबती धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. २० सेंटिमीटरांच्या खुणेशी पकडलीत, तर तुम्हाला प्रतिसाद द्यायला सुमारे ०.२ सेकंद लागले. तेवढ्या वेळात आपला आक्रमक १ मीटर पुढे गेलेला असतो! म्हणून शिट्टी वाजते, त्या वेळी डोळ्यांसमोर दिसणारे चित्र हे निर्णयाच्या क्षणाचे चित्र नसते. प्रेक्षक मात्र पडलेल्या खेळाडूंकडे बोट दाखवून वाद घालत असतात.

खेळाडू तरी खोटे बोलतात का?

‘मी आधी पोहोचलो होतो!’ असे बचावपटू शपथेवर सांगतो आणि आक्रमक तितक्याच कळकळीने उलट सांगतो. दोघांपैकी एक खोटारडा असलाच पाहिजे काय? २०१९ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील टाय टँग आणि मायकेल मॅकबेथ या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू सीमारेषेबाहेर गेला की दोन्ही खेळाडू ‘शेवटचा हात त्याचा’ असे का म्हणतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आढळले, की दोन स्पर्श एकाच वेळी झाले तरी माणसाला स्वतःचा स्पर्श सुमारे सेकंदाच्या विसाव्या भागाने आधी झाल्यासारखा वाटतो.

हा प्रयोग धडकेचा नव्हता, हे खरे. पण त्यातून घेण्यासारखा धडा आहे. प्रामाणिक माणसाचीसुद्धा वेळेची जाणीव आपल्याच बाजूला झुकते. म्हणूनच निवाडा तिसऱ्या माणसाकडे द्यावा लागतो आणि म्हणूनच त्या तिसऱ्यावर खेळाडूंनी ओरडणे व्यर्थ आहे.

कोठे पाहावे, हेच कौशल्य

डोळा अपुरा आहे म्हणून हात टेकायचे काय? नाही. अपुरे साधनही नीट वापरता येते.

१९९९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीत दोन गट बास्केटबॉल एकमेकांकडे फेकत होते. एका गटाचे पास मोजा, असे पाहणाऱ्यांना सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती चालत आली, छाती बडवली आणि निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो गोरिला दिसलाच नाही! लक्ष चेंडूवर असले, की चेंडूखेरीज इतर गोष्टी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

अनुभवी पंच नवशिक्यांना सांगतात, ‘बचावपटूकडे पाहा.’ त्यामागचे शास्त्र हेच. चेंडू आणि आक्रमक नजर खेचून घेतात. सगळे प्रेक्षागृह तिकडेच पाहत असते. पंचाने मात्र आधीपासून बचावपटूवर लक्ष ठेवावे. त्याने तोंड समोर केले का? दोन्ही पाय टेकले का? ही उत्तरे आधीच मिळवून ठेवली, की धडकेच्या क्षणी ठरवायला एकच गोष्ट उरते.

हे शहाणपण खेळाच्या जन्माइतके जुने आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. त्याच्या मूळ १३ नियमांत खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे यांना बंदी होती. त्याने अधिकारी दोन नेमले होते. एकाने माणसांकडे पाहायचे, दुसऱ्याने चेंडूकडे. एकच माणूस दोन्हीकडे पाहू शकत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

कॅमेरा आणला तर?

तुम्ही म्हणाल, ‘आता कॅमेरे आहेत. हळू गतीने चित्र पाहावे आणि निकाल द्यावा.’ मग ३१ मे २०१८ चा एक सामना पाहू या. एनबीएच्या अंतिम मालिकेतील तो पहिला सामना होता, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलँड १०४–१०२ असे पुढे होते आणि ३६.४ सेकंद उरले होते. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट बास्केटकडे झेपावला, लेब्रॉन जेम्स आडवा आला, धडक झाली. पंचांनी चार्जिंग दिले. मग त्यांनी पडद्यावर पुनरावलोकन केले. ते ज्या कारणाने सुरू झाले, ते होते लेब्रॉन बास्केटखालच्या अर्धवर्तुळात होता की बाहेर. तो बाहेर होता हे स्पष्ट दिसले. पण पुनरावलोकन करताना त्याने कायदेशीर जागा घेतली होती का, हेही पाहण्यात आले आणि निर्णय फिरवून ब्लॉकिंग देण्यात आले. ड्युरांटने दोन्ही फ्री थ्रो टाकले, बरोबरी झाली. सामना जादा वेळेत गेला आणि वॉरियर्सनी तो १२४–११४ असा जिंकला.

निर्णय फिरवणे बरोबर की चूक, यावर पुष्कळ वाद झाला. आपण त्यातून दोन गोष्टी घेऊ. पाय रेषेच्या आत की बाहेर, या प्रश्नाला कॅमेऱ्याने निर्विवाद उत्तर दिले. पण ‘कायदेशीर जागा वेळेत घेतली का’ या प्रश्नावर तेच चित्र पाहणाऱ्या माणसांचे एकमत झाले नाही. कारण दुसरा प्रश्न केवळ मोजमापाचा नाही, व्याख्येचाही आहे. वर जाण्याची हालचाल नेमकी कोणत्या चित्रापासून सुरू झाली म्हणायची? हे कॅमेरा सांगू शकत नाही.

हळू गतीचाही एक तोटा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे दिसले, की तीच घटना हळू गतीने पाहणाऱ्यांना ती अधिक जाणूनबुजून केलेली वाटते. चित्र लांबले, की करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता असा भास होतो. शिवाय आपल्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे कोठे आहेत? तेथे एक शिट्टी आणि दोन डोळे एवढीच सामग्री असते.

नियम डोळ्याच्या मापाचा हवा

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रयोगशाळेत आपण साध्या पट्टीने केसाची जाडी मोजायला जात नाही. साधन जसे असेल, तसेच माप मागतो. मग खेळाचा नियम करतानाही तोच विचार का करू नये? पंचाच्या डोळ्याला जे पाहता येईल, तेच त्याला विचारावे.

सुदैवाने नियम करणाऱ्यांची पावले त्याच दिशेने पडत आहेत. बास्केटखाली अर्धवर्तुळ आखणे हा त्याचाच प्रकार. एनबीएने १९९७–९८ च्या हंगामापासून ४ फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ आणले. फिबाने २०१० साली १.२५ मीटर त्रिज्येचे आणले. चेंडू टाकण्यासाठी किंवा पास देण्यासाठी हवेत उडालेला आक्रमक या अर्धवर्तुळातल्या बचावपटूवर आदळला, तर सामान्यतः चार्जिंग दिले जात नाही. कठीण प्रश्नाचा काही भाग असा जमिनीवरच्या रेषेने सोपा केला.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुषांच्या बास्केटबॉलमधील २०२३–२४ चा बदल. २०१३–१४ पासून तेथे आक्रमकाची वर जाण्याची हालचाल सुरू होण्यापूर्वी बचावपटू जागेवर असावा, अशी अट होती. पण ही हालचाल हळूहळू उमलते. तिला ठळक आरंभ नाही. नव्या नियमात, आक्रमक उडीसाठी जमिनीवर पाय रोवतो, त्या वेळी बचावपटू जागेवर हवा. पाय जमिनीवर टेकणे ही स्पष्ट घटना आहे. ती दिसते आणि पुष्कळदा ऐकूही येते. शिवाय ती धडकेच्या बरीच आधी घडते. धूसर खूण सोडून ठळक खूण धरली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. शालेय स्पर्धांच्या नियमांतही अशीच ठळक खूण यावी, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप घेता येईल. ‘असे केले तर बचावपटूचे हक्क कमी होतील, उंच आणि धिप्पाड आक्रमकांचेच फावेल.’ या आक्षेपात तथ्य आहे. बचावपटूने धैर्याने घेतलेल्या जागेला संरक्षण नसेल, तर खेळ ढकलाढकलीचा होईल. पण हक्क काढून घेतला जात नाही; तो थोडा आधी बजावायला सांगितला जातो. ज्याने आक्रमकाची वाट आधीच ओळखली, त्या चतुर बचावपटूला चार्जिंग पूर्वीसारखेच मिळेल. शेवटच्या क्षणी आडवे पडणाऱ्याला मिळणार नाही, एवढेच.

हवेतल्या माणसाची बाजू

आणि तरीही शंका उरलीच तर? पुष्कळदा उरेल. त्या वेळी, निदान शालेय सामन्यांत, झुकते माप हवेतल्या खेळाडूला द्यावे असे मला वाटते. कारण भौतिकशास्त्रातच आहे. पाय जमिनीवरून सुटला, की खेळाडूच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. हातपाय कितीही हलवले, तरी तो मार्ग बदलत नाही. ४० सेंटिमीटर उंच उडी मारणारा खेळाडू सुमारे ०.५७ सेकंद हवेत असतो. सेकंदाला ४ मीटर वेगाने पुढे जात असेल, तर तेवढ्यात तो २ मीटरांहून जास्त अंतर कापतो. या काळात त्याला ब्रेक नाही, सुकाणू नाही. जमिनीवर उभ्या असलेल्याला मात्र पाय आहेत आणि पायांखाली जमीन आहे. ज्याच्या हाती काही बदलणे आहे, त्याच्यावर जबाबदारी अधिक. उडालेल्याच्या पायांखाली कोणी शिरले, तर तो पाठीवर किंवा डोक्यावर पडू शकतो. गुण पुढच्या सामन्यात मिळवता येतील. मोडलेले मनगट किंवा डोक्याची इजा इतक्या सहज भरून निघत नाही.

तेव्हा मित्रांनो, बचाव करायचा असेल तर लवकर पोहोचा, दोन्ही पाय रोवा आणि पडण्याचे नाटक करू नका. प्रेक्षक म्हणून बसलात, तर पुढच्या सामन्यात थोडा वेळ चेंडू सोडून बचावपटूच्या पायांकडे पाहण्याचा निश्चय करा. ते किती अवघड आहे, हे पाच मिनिटांत कळेल. आणि तुमच्यापैकी कोणी एखाद्या दिवशी शिट्टी हातात घ्यावी, असेही मी सुचवीन. आंतरवर्गीय सामन्यात एकदा पंच होऊन पाहा. ‘पंच आंधळे आहेत’ हे वाक्य त्यानंतर तुमच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही.